विकासच्या खोलीतला बार

बेलवली, बदलापूर (प.)
रविवार, दुपार

प्रिय स्वप्नाली,

जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी पी. इथे सगळे धडधाकट आहेत. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या जन्माआधीपासून. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तर बाई, फोनवर मी 'पप्पा' एवढा शब्द काढला की पलीकडे तुझी मीटिंग सुरू होते. गेलं दीड वर्ष तुझ्या त्या कंपनीत माझ्या फोनच्या वेळेलाच सगळ्या मीटिंगा ठेवतात. पत्र असं मध्येच कापता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि तू फाडणार नाहीस एवढं मी तुला ओळखते. चहा घे, बस आणि सावकाश वाच.

बातमी अशी की आपल्या घरात बार झाला आहे. पुन्हा वाचू नकोस, बरोबर वाचलंस. दारूचा बार. विकासच्या खोलीत, खिडकीकडच्या भिंतीला, त्याचं कॉम्प्युटरचं टेबल होतं ना, तिथे. काउंटर, उंच स्टुलं, मागे कपाट, वरून पिवळे दिवे. आणि तो केलाय तुझ्या पप्पांनी. कंपनीच्या पार्टीत ज्यांनी थम्सअपचा ग्लाससुद्धा नाकाजवळ नेऊन खात्री करून घेतली, त्या माणसाने. वस्तीतल्या निम्म्या लग्नांत ज्यांनी पंचशील म्हणून घेतलं, दारूला शिवणार नाही या पाचव्या शीलासकट, त्यांनी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं, या माणसाचं डोकं फिरलं. दुःखाने फिरतं कुणाकुणाचं.

विकासला जाऊन वर्ष झालं, त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. तोवर ती खोली बंदच होती. मी फक्त झाडू मारायला जायची आणि श्वास धरून बाहेर यायची. दाराच्या मागे त्याचा निळा चौकटीचा शर्ट टांगलेला आहे, तो मी धुतला नाही. एक दिवस मी भाजी घेऊन आले तर दार उघडं, आणि पप्पा आत मेजपट्टी घेऊन भिंत मोजतायत. मी म्हटलं, काय करताय? तर म्हणाले, "बार काढायचाय." जसं काही रंग काढायचाय. मी पिशवी तिथेच ठेवली आणि जे तोंडाला येईल ते बोलले. ते मान खाली घालून मापं लिहीत राहिले. तुला माहीत आहे ना त्यांचं, वाद घालायचा नसला की माणूस नुसता काम करत राहतो.

त्या दिवशीही तेच केलं होतं त्यांनी. विकासच्या जलदानाच्या दिवशी. नको म्हणू नकोस, एकदा लिहू दे. भंतेजी निघून गेले होते, मांडववाल्याच्या खुर्च्या गोळा करायच्या होत्या, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुमच्या पाचव्या शीलाने मारलं त्याला, पप्पा. घरात एक बिअर चालली असती तर तो बारवीच्या रस्त्याला ओढ्याच्या मोरीवर बसून कशाला प्यायला असता? मीपण पिते. आता मलाही बाहेरच जाऊन बसायला सांगा." जनाआत्याने तोंडाला पदर लावला. पप्पा खुर्च्या एकात एक घालत राहिले. सगळ्या घालून झाल्या, तरी हात फिरवत उभे राहिले तिथेच. तू त्याच संध्याकाळी बॅग उचललीस आणि हैदराबादला गेलीस. त्यानंतर तू या घराचा उंबरा ओलांडलेला नाहीस आणि बापाशी एक शब्द बोललेली नाहीस. मी तुला तेव्हा चूक म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. रस्त्यात बंद पडलेला, विकास ज्यावर जाऊन आदळला तो डंपर, त्याला ना दिवा ना मागे लावलेली झाडाची फांदी, त्याला मी शिव्या देते. पण डंपरला शिव्या देऊन काही भागत नाही, हेही खरं.

तर बार. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात आम्ही किती फेऱ्या घातल्या असतील! मी रागावलेली होते, पण एकट्याला सोडवेना. बरोबर जायची आणि दुकानाच्या दारात तोंड फिरवून बसायची. कमलेश म्हणून एक सिंधी दुकानदार आहे, मोठा गोड माणूस. त्याला वाटलं, काका रिटायर झाले, आता मजा करणार. त्याने मोबाइलवर खंडाळ्याच्या बंगल्यांतले बार दाखवले. संगमरवराचे, आतून उजेड येणारे. पप्पांनी सगळे शांतपणे बघितले आणि विचारलं, "यात चाव्या कुठे लावायच्या?" कमलेशला कळेना. "साईं, बार में ग्लास टांगते हैं, चाबी नहीं." तर पप्पांनी खिशातून कागद काढला. टर्नर माणूस, मुंबईच्या नकाशासारखं ड्रॉइंग. त्यात काउंटरच्या खाली, पाहुण्यांच्या बाजूला नाही, आतल्या बाजूला पितळी हूकांची रांग. म्हणाले, "आधी हे. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

माझा राग तिथे अर्धा उतरला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. नियम असा की जो येईल त्याने गाडीची चावी काउंटरवर ठेवायची. पप्पा ती हूकावर लावणार. एक घोट घेतला की चावी सकाळी. खोलीत विकासचा पलंग आहे, खाली दोन गाद्या घातल्यात, पांघरुणं आहेत. कमलेशने सगळं ऐकून घेतलं आणि मोबाइलवरचे बंगले बंद केले. म्हणाला, "अंकल, ये बार है के धर्मशाला?" पण हूक त्याने आपणहून चांगले जाड दिले. पहिल्या हूकावर विकासच्या गाडीची चावी आहे. गाडी भंगारात गेली, चावी पोलिसांनी परत दिली होती. ती मी कुठे ठेवली होती ते मलाच आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

पुढे गंमत ऐक. हसायला हरकत नाही, मीपण हसले. बार केला खरा, पण त्यात ठेवायचं काय, हे दोघांनाही कुठे ठाऊक! आंधळ्याने दळावं तसा प्रकार. त्यांनी आधी रीतसर परवाना काढला, परवान्याशिवाय बाटली घरात आणणार नाही म्हणाले. मग पांढरा शर्ट इस्त्री करून, कापडी पिशवी घेऊन दुकानात गेले. तिथे म्हणे बाटल्यांच्या मागचं बारीक अक्षर औषधासारखं वाचत बसले, मागे रांग लागली. आणल्या त्या रंग बघून. दोन पांढऱ्या, दोन तांबूस, एक हिरवी, कपाटात बऱ्या दिसाव्यात म्हणून. ग्लास आणले ते फालुद्याचे. ते मी बदलून आणायला लावले, एवढं तर मलाही कळतं. बिअरच्या बाटल्या गार व्हाव्यात म्हणून फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि विसरले. काय होणार! दोन फुटल्या. मी मटारच्या पिशवीतून काचा वेचत होते आणि फ्रीजला आठवडाभर तो वास. आयुष्यभर ज्या वासासाठी पप्पा विकासच्या शर्टाची कॉलर हुंगायचे, तो वास आता आमच्या दुधाला.

आणि पेग मोजायचं माप बाजारात मिळतं, तर ते नको. अंबरनाथला एमआयडीसीत त्यांच्या जुन्या मित्राचं वर्कशॉप आहे, तिथे लेथवर बसून पितळेचं माप स्वतः काढलं. एक बाजू मोठी, एक छोटी. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने पाणी घालून तपासलं. पितळ इतकं घासलं की त्यात तोंड दिसतं. मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाले, "जास्त जायला नको, कमी पण नको. पोरांना वाटायला नको, म्हातारा चिंगूसपणा करतो." त्यांच्या बोलण्यात 'पोरं' आलं, तेव्हा मला कळलं की पाहुणे कोण.

जनाआत्याला बातमी लागलीच. आली, खोलीच्या दारातूनच बघितलं आणि म्हणाली, "प्रमोद, बाबांनी काय शिकवलं आपल्याला? आता विहारात कुठल्या तोंडाने बसशील?" पप्पा म्हणाले, "ताई, शील मी घेतलंय. मी पाळतोय. मरेपर्यंत पाळीन. पण ते मी माझ्यासाठी घेतलं होतं, आणि बांधलं पोराच्या गळ्यात." तुझ्या आत्याचं तोंड बंद झालेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं, पण मजा वाटली नाही.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. तू गेल्यापासून संध्याकाळच्या वंदनेला पप्पा चार शीलं म्हणतात आणि थांबतात. पाचवं मी एकटी म्हणते. आधी वाटलं आवाज बसला असेल. मग रोजचंच झालं. मेणबत्ती जळत असते, ते हात जोडून बसलेले असतात, ओठ मिटलेले. त्या एवढ्याशा वेळात घरात जी शांतता होते ना स्वप्नाली, तिच्यात मला विकास ऐकू येतो. जिन्यावर येतोय, बूट काढतोय, दाराशी थांबून आपला वास येतोय का ते बघतोय. मी म्हणून टाकते पटकन, आणि तो जातो.

खोलीत तर विचारूच नको. कमलेशच्या आग्रहाने बाटल्यांच्या मागे आरसा लावलाय, खोली मोठी दिसते म्हणून. पहिल्या दिवशी मी फडकं मारायला गेले, दिवा लावला आणि आरशात बघितलं तर दाराशी निळ्या शर्टात कुणीतरी उभं. मागे वळले तर दारामागचा शर्ट. पंख्याने हलत होता. मी म्हटलं, अहो, तो शर्ट काढा नाहीतर आरसा काढा. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. रोज संध्याकाळी काउंटरच्या मागे उभे राहतात, आरशाकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून, आणि ज्यांतून कुणी प्यायलेलं नसतं ते ग्लास पुसत राहतात. समोर स्वतःसाठी कोकम सरबत. मला वाटायचं, हे विकासची वाट बघतायत. मला त्यांची भीती वाटायला लागली होती, खरंच सांगते. मेलेल्यासाठी दुकान मांडून बसलेला माणूस बघवत नाही.

मग विकासच्या वाढदिवसाला त्यांनी पोरांना बोलावलं. खरवईचा सनी, आणि बारवीकडच्या पाड्यावरचा तो हरिचंद्र, दोघं त्या रात्री त्याच्याबरोबर होते ते. मी भजी तळत होते आणि खालून हॉर्न वाजला. दोन छोटे. विकास असाच वाजवायचा, आठवतं ना? मी दार आधीच उघडून ठेवावं, बेल वाजून पप्पांना जाग येऊ नये म्हणून. मी झारा हातात घेऊन दाराकडे धावले. पप्पा खोलीतून धावत आले. दोघं दाराशी एकमेकांसमोर उभे राहिलो, तेव्हा मला कळलं की त्या दोन हॉर्नचा अर्थ त्यांनाही पहिल्यापासून ठाऊक होता. ते जागेच असायचे. खाली सनी होता. त्याला कळलंही नव्हतं आपण काय वाजवलं ते, सवयच होती त्या सगळ्यांची.

पोरं आली ती इंटरव्ह्यूला आल्यासारखी स्टुलावर बसली. चाव्या काउंटरवर ठेवल्या. पप्पांनी उचलून हूकावर लावल्या, विकासच्या चावीच्या शेजारी, आणि मागच्या आरशात ती चावी बघून हरिचंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. पप्पांनी पितळेच्या मापाने दोन ग्लास भरले, काठोकाठ माप, एक थेंब इकडे तिकडे नाही, आणि म्हणाले, "प्या रे. इथे प्या." कुणी हात लावेना. शेवटी सनी म्हणाला, "काका, मी सोडली. त्या दिवसापासून." हरिचंद्र ढसाढसा रडायला लागला. "काका, आमी त्याला थांबवला नाय. तो बोलला, घरी लवकर जायाला पाहिजे, आई दारात उभी असंल." हे वाक्य मला लिहायचं नव्हतं. पण लिहिलं.

पप्पांनी सनीसमोरचा ग्लास बाजूला केला, त्याला कोकम दिलं. हरिचंद्रने त्याचा अर्धा ग्लास कसाबसा घेतला. मग सगळे विकासबद्दल बोलत बसले. आम्हाला ठाऊक नसलेला विकास! तो मोरीवर बसून आपल्या बापाची नक्कल करायचा म्हणे, वंदना घेताना घसा खाकरतात त्याची. सनीने ती करून दाखवली. पप्पा हसले. विकास गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि मग काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

अर्धा का होईना, ग्लास घेतला म्हणून हरिचंद्रला चावी मिळाली नाही. तो तिथेच झोपला. सकाळी मी चहा घेऊन आत गेले, तर विकासच्या पलंगावर पांघरुणातून दोन पाय बाहेर आलेले. विकासचे यायचे तसेच. मी चहा तिथेच टेकवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. पोट भरून रडले. पण बाळा, भीती नाही वाटली. कुणाचं तरी पोर जिवंत झोपलं होतं आपल्या घरात, घोरत होतं. आता येतात ते रविवारी अधूनमधून. कधी कुणी पितं, कधी नुसतं कॅरम. सकाळी हूकावरून चाव्या काढून द्यायचं काम माझं.

आता मुद्द्यावर येते. काल मी स्टुलं पुसत होते. चार आहेत. मी धरून चालले होते की एक सनीचं, एक हरिचंद्रचं, एक येईल त्याचं, आणि भिंतीकडचं ते विकासचं. त्यावर कुणी बसायला गेलं की पप्पा हलकेच म्हणतात, "ते राहू दे." मी कधी विचारलं नाही. काल पुसताना हाताला लागलं की त्याची पाय ठेवायची कडी बाकीच्यांपेक्षा वर आहे, चांगली वीतभर. म्हटलं, कमलेशने चूक केली. मग बसून बघितलं. माझेसुद्धा गुडघे पोटाशी आले. विकास तर सहा फुटी, त्याचे तर हनुवटीला लागले असते. तुझ्या लहानपणी अभ्यासाच्या खुर्चीवर तुझे पाय लोंबकळायचे, म्हणून पप्पांनी लाकडाचा पाट करून दिला होता, आठवतो? बुटकी म्हणून विकास चिडवायचा तुला. मी माळ्यावरून तो पाट काढला आणि स्टुलाशेजारी उभी राहून रडायचं का हसायचं तेच कळेना. ते स्टूल त्याचं नाहीच. अगं, मी येडी, मला वाटत होतं हा माणूस इतके महिने गेलेल्यासाठी राबतोय. तू त्यांना विचारलं होतंस, मलाही बाहेरच बसायला सांगणार का. त्यांना तेव्हा तोंडाने उत्तर देता आलं नाही. त्यांना जे येतं त्यात दिलं, प्लाय, पितळ आणि हूक.

तर हे पत्र एवढ्यासाठी. कपाटाचा मधला कप्पा रिकामा आहे. मी विचारलं की पप्पा म्हणतात, "बघू," आणि परत ग्लास पुसायला लागतात. काल रात्री जेवताना, ताटाकडे बघतच, त्यांनी मला विचारलं, "स्वप्नालीला काय चालतं गं? म्हणजे, काय घेते ती?" मी काय सांगणार, कप्पाळ! आईला ठाऊक असतं का असलं काही? तुझा नंबर त्यांच्याकडे आहे, पण हा माणूस फोन हातात घेतो, बघतो आणि ठेवतो. म्हणून मीच विचारते. तू काय पितेस, ते नाव नीट लिहून कळव, मोठ्या अक्षरात, म्हणजे पिशवी घेऊन जातील तेव्हा दुकानात रांग लागायला नको. काही पीत नसशील आता, तर तेही लिही, कोकमाची बाटली ठेवू त्या कप्प्यात. पण मला नको कळवूस. त्यांना कळव. आणि येताना गाडी केलीस तर ड्रायव्हरलाही सांगून ठेव, आमच्याकडे चाव्या हूकावर लावतात.

दार उघडं ठेवून बसलेली, तुझीच
आई